अंडरटेकरची सही

मार्च लागला की आमच्याकडे कूलर निघतो. निघतो म्हणजे मीच काढतो. माळ्यावरून स्टँड उतरवायचं, गुंडाळलेला पाइप उतरवायचा, आणि "पंप त्यातच आहे" अशी घरातल्या सगळ्यांची खात्री असलेला तो बोर्नव्हिटाचा डबा उतरवायचा. पंप त्यात कधीच नसतो. यंदा मी पहिल्यांदाच डबा तळापर्यंत उपसला. फ्यूजची तार, दोन बुचं आणि एक गंजका पान्हा यांच्याखाली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकी कुस्तीच्या, पत्त्यांचा कॅट निघाला.

कूलर त्या दिवशी लागला नाही, हे सांगायला नकोच.

कॅटाला लावलेल्या रबरबँडनं नागपूरचे पंचवीस-तीस उन्हाळे माळ्यावर काढले होते. त्याचं आधी पाक, मग चिक्की झालेली. सगळ्यात वरचा पत्ता ब्रेट हार्टचा. त्याच्या गुलाबी कपड्यांवर कमरेशी एक तपकिरी रेघ कायमची बसलेली, करगोटा बांधल्यासारखी. नखानं खरवडायला गेलो तर ब्रेट हार्टचंच पोट निघायला लागलं. राहू दिलं. तेव्हापासून घरात कोणी कशालाही रबरबँड लावला की मी काढून टाकतो. बायको म्हणते, कोथिंबिरीच्या जुडीनं तुमचं काय घोडं मारलंय?

पत्ते मोजले. एकोणतीस. किंग काँग बंडी नाही, हे न मोजताही कळलं असतं. तो महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावरून गटारात गेला होता, आणि काढायला हात कोणी घालायचा यावर दोन दिवस बोलणं बंद होतं.

मागची बाजू बघितली आणि तोंड आपोआप सुरू झालं. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. एका श्वासात. बावीसचा पाढा आजही मला बावीस सत्तेपाशी अडतो, हे मात्र अडलं नाही. आमचं निम्मं इंग्रजी या सात ओळींतून आलं. शाळेत बाईंनी 'फाइट'चा भूतकाळ विचारला तेव्हा अख्खा वर्ग "फॉट" म्हणून ओरडला होता. बाई भारावल्या. पुढचं क्रियापद 'ब्रिंग' होतं, तिथे सगळं आटोपलं.

वजनं पौंडांत असायची. पौंड म्हणजे किती हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यानं काही बिघडतही नव्हतं, मोठा आकडा जिंकायचा. पण आमच्यात इतवारीतल्या एका धान्यवाल्याचा पोरगा होता. त्यानं वडिलांच्या गादीवरून हिशेब करून आणला. योकोझुना पाचशे पाच पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटलच्या वर. "सव्वादोन पोते बे! कळमन्यात हमाल दोन लावते त्याले." त्या दिवसापासून योकोझुना आमच्यासाठी जपानी राहिलाच नाही, तो कळमन्याच्या धान्यबाजाराचा झाला. तो जपानी नव्हताच म्हणा. सामोअन घराण्यातला, वाढलेला अमेरिकेत. जपानी झेंडा आणि मूठभर मीठ हा सगळा नाटकाचा भाग. हे फार पुढे कळलं, आणि कळून वाईट अजिबात वाटलं नाही. कळमन्याचा जपानी असतो कुठे?

जायंट गोन्झालेझचा पत्ता मात्र भारी. आठ फूट! हाइट बोललं की समोरच्याचा पत्ता आपला. त्याच्या अंगावर केस होते, जागोजागी झुबके. हे केस खरे की चिकटवलेले, यावर आम्ही उन्हाळ्याची एक आख्खी सुट्टी घालवली. निकाल मुन्नादादानं दिला. "खरे आहेत. अर्जेंटिनात थंडी असते." विषय संपला. प्रत्यक्षात तो बिचारा बास्केटबॉलचा खेळाडू होता, १९८८ साली अटलांटा हॉक्सनं त्याला निवडलंही होतं. तिथे जमलं नाही म्हणून कुस्तीत आला, आणि अंगावर स्नायू रंगवलेला, केस चिकटवलेला पोशाख घालून उभा राहिला. उंचीही आठाला चार-पाच इंच कमीच. पत्त्यावर आठ छापलं होतं, आमच्यासाठी आठ.

मुन्नादादाबद्दल सांगायला हवं. चुलतभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणजे त्या वयात जवळजवळ सरकार. नवा कॅट कधी घ्यायचा हे तो ठरवायचा, आणि पैसे तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्यातून माझे जायचे. सकाळी मारबत, म्हणजे मिरवून मग जाळायचे पुतळे, बघायला गर्दीत घुसायचं, काळी-पिवळीची भेट बघून घसा बसेपर्यंत ओरडायचं, संध्याकाळी लाकडी बैल घेऊन घरोघर हिंडायचं, आणि रात्री मुन्नादादाच्या हातात चिल्लर ओतायची. पापा शँगो पहिल्यांदा टीव्हीवर बघितला तेव्हा मला तो सरळ मारबतीबरोबरच्या बडग्यांच्या, त्या सोंगाड्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतून उठून गेल्यासारखा वाटला होता. तोंडाला कवटी रंगवलेली, गळ्यात माळा. दुसऱ्या दिवशी जाळतील बहुतेक, असं वाटून मी निर्धास्त झोपलो.

आजोबांना यातलं काहीच पसंत नव्हतं. "नौटंकी आहे सारी. कुस्ती म्हणजे दारासिंग आणि किंगकाँगची." दारासिंगनं १९६८ साली मुंबईत लू थेझला पाडलं, हे ते असं सांगायचे की जणू पाठ टेकली का हे बघायला तेच वाकले होते. तीही याच पंथाची कुस्ती, हे आजोबांना सांगायची कोणाची टाप नव्हती. माझी अजूनही नाही, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली.

तर, अंडरटेकर. मेलेला म्हणून मिरवणारा पैलवान. कॅटाच्या मध्यावर तो निघाला. काळी हॅट, डोळे वर गेलेले. पत्ता उलटला आणि फाइट्स वनच्या आकड्यावरून आडवी गेलेली निळ्या बॉलपेनची सही दिसली. रेनॉल्ड्सचीच शाई, ती मी कुठेही ओळखीन. सहीत स्पेलिंगची चूक. शेवटचा 'आर' नव्हताच.

ही सही मुन्नादादानं १९९६च्या दिवाळीत मुंबईहून आणली. त्याचा मामा अंधेरीला राहायचा. त्याच साली जूनमध्ये अक्षय कुमारचा तो सिनेमा आला होता, ज्यात तो अंडरटेकरला उचलतो. बर्डीवरच्या थेटरात आम्ही तो बघितला आणि बाहेर आलो तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हतं. अंडरटेकरला उचललं? मग दिवाळीची सुट्टी संपवून मुन्नादादा आला आणि म्हणाला, तो अजून मुंबईतच आहे. मामाच्या बिल्डिंगीखाली नारळपाणी पीत होता. मी गेलो, पत्ता पुढे केला, त्यानं सही केली. बोलला काही? "मेलेला माणूस बोलते का बे?"

याला उत्तर नव्हतं. तो सात वेळा मेलाय हे नागपुरातल्या प्रत्येक पोट्ट्याला माहीत होतं. एक मरण तर केबलवर दाखवलं होतं. जानेवारी १९९४ची रॉयल रंबल. एकट्या योकोझुनाला जमेना म्हणून एकामागून एक पैलवान धावून आले, सगळ्यांनी मिळून त्याला शवपेटीत कोंबलं, आणि मग तो वरच्या पडद्यावर दिसला आणि हळूहळू छताकडे गेला. आईनं तेव्हाच टीव्ही बंद केला. ऑगस्टमध्ये तो परत आला तर एक नाही, दोन आले. एक खरा, एक तोतया, समोरासमोर, सारखीच हॅट.

सहीची किंमत लागली. माझे आठ पत्ते, त्यात एक गोन्झालेझ (माझ्याकडे दोन होते, म्हणून आज एक उरलाय), आणि फटाक्यांतून उरलेल्या लवंगीच्या दोन माळा. आजही मला तो सौदा महाग वाटत नाही.

पुढे कळलं ते असं. सिनेमातला अंडरटेकर खरा नव्हताच. तो ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान. अक्षय कुमारनंही २०२१ साली गमतीनं ते सांगून टाकलं. आणि हा ब्रायन ली कोण? तर १९९४च्या ऑगस्टमधला तो तोतया! म्हणजे मुन्नादादाची थाप शब्दन् शब्द खरी धरली, अंधेरी खरी, नारळपाणी खरं, तरी सही खोट्याचीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला हसू आवरेना. बायको उठून बसली. तिला समजावून सांगायला गेलो. "झोपा," म्हणाली.

मधल्या काळात मी जरा बिघडलो, तेही कबूल करतो. पैसे हातात आले की माणूस लहानपण परत घ्यायला निघतो, आणि दुकानदार त्याच्याच वाटेवर बसलेले असतात. अमेरिकेत या पत्त्यांचं मोठं प्रकरण आहे. १९८२ साली तिथल्या एका कुस्तीच्या मासिकवाल्यानं छत्तीस-छत्तीस पत्त्यांचे संच टपालानं विकले होते. त्यात एक नंबर आंद्रे द जायंट, दोन नंबर हल्क होगन. त्या दोन नंबरासाठी लोक लाखांत पैसे मोजतात, अट एवढीच की पत्त्याला कोणाचा हात लागलेला नसावा. परीक्षक भिंगातून कोपरे बघतात, दहापैकी गुण देतात आणि पत्ता प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. शवपेटीच ती. वरच्या पडद्यावर मात्र कोणी दिसत नाही.

माझी ऐपत तिथवर नाही. मी १९८५च्या टॉप्सच्या संचातला एक होगन घेतला, स्वस्तातला, कारण त्याच्या मागे डाग आहे. टॉप्स ही मूळ च्युइंगमवाली कंपनी. पाकिटात पत्त्यांसोबत गमची पट्टी असायची, तिचा डाग पत्त्यावर पडला की गुण कापतात. मला तो डागच आवडला. कोणीतरी पोरानं घाईघाईत गम तोंडात टाकला असेल. २०२५च्या जुलैत होगन गेल्याची बातमी आली तेव्हा मी तो डाग जरा वेळ बघत बसलो. माणूस म्हणून त्याच्याबद्दल नंतर जे जे बाहेर आलं ते काही चांगलं नव्हतं. पण पत्ता पुन्हा पाकिटात ठेवला, फेकला नाही.

लेकीला तो पत्ता दाखवला होता. तिनं उलटून बघितला. मागे मजकूर.
"बाबा, यात नंबर नाहीत?"
"नाहीत."
"मग खेळायचं कसं?"
मी म्हटलं, हे खेळायचे नसतात, ठेवायचे असतात. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच वाक्य परत घ्यावंसं वाटलं. आपल्याकडच्या पत्त्यांनी एवढं एक नक्की केलं: पैलवानाला बसू दिलं नाही. ओट्यावर दुपारभर लढवला, घामानं भिजवला, दुमडला, गटारात घातला. माझ्या एकोणतीसपैकी एकाही पत्त्याला त्या भिंगवाल्यानं दोनच्या वर गुण दिले नसते.

परवा रविवारी मुन्नादादा आला. बुटीबोरीला नोकरी करतो, केस गेलेत, पोट आलंय. येताना पोहे आणि वेगळ्या पिशवीत तर्री, नेहमीप्रमाणे. पिशवीला रबरबँड. मी तो काढून टाकला आणि त्याच्यासमोर पत्ता ठेवला, पालथा.

पैलवानांच्या धंद्यात एक शब्द आहे, केफेब. आखाड्यातलं सोंग आखाड्याबाहेरही सोडायचं नाही. अंडरटेकरनं तो नेम बहुतेकांपेक्षा कडक पाळला. २२ नोव्हेंबर १९९०ला पहिल्यांदा उतरला, बरोबर तीस वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०२०ला निरोप घेतला. आता मात्र तो मुलाखती देतो, विनोद करतो, खळखळून हसतो. मला ते बघवत नाही. मी बंद करतो, आईनं केला होता तसाच.

मुन्नादादानं चष्मा वर केला, पत्ता लांब धरला, जवळ धरला. मी त्याला ब्रायन लीचं सांगितलं, सिनेमाचं सांगितलं, तोतयाचं सांगितलं. तो पोहे खात ऐकत होता. मग म्हटलं, आणि शेवटचा 'आर' कुठाय दादा? आपलं नाव कोणी चुकवते का?

"अबे, लिहिता लिहिता पेन बंद पडला ना त्याचा," तो म्हणाला. "नाही, पेन माझाच होता. रेनॉल्ड्स."

आणि तर्रीची पिशवी माझ्याकडे सरकवली.

कूलरचा पंप अजून सापडलेला नाही.