छत्तीसचा आकडा

दाढदुखी रात्रीच का वाढते याचं उत्तर मला पहाटे अडीच वाजता, तीन उशा पाठीला लावून बसल्याबसल्या मोबाईलवर सापडलं. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, दाढेच्या मुळाशी आधीच सूज, आणि तिच्या चहूबाजूंनी कडक हाड. बोट सुजलं तर निदान फुगायला जागा असते, इथे आतल्या आत कोंडमारा. वाचून फार ज्ञान मिळालं पण ठणका काही हलला नाही. त्यात वरची दुखतेय का खालची हेच मला सांगता येईना, दोन्ही जबड्यांच्या नसा पुढे एकाच मोठ्या नसेला जाऊन मिळतात म्हणून मेंदूचा असा गोंधळ होतो म्हणे. मी वरच्या दाढेला लवंग लावत बसलो होतो, आणि आरोपी खाली!

खरं तर दोष माझाच आहे, आधी कबूल करून टाकतो. चार वर्षांपूर्वी याच दाढेचं रूट कॅनल सुरू केलं होतं. पहिल्या सिटिंगमध्ये डॉक्टरांनी दाढ उघडली, आतलं सगळं साफ केलं, वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पण दुखायचं थांबलं ना! दुखायचं थांबलं की डेंटिस्टकडे जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. नस गेली म्हणून दुखणं गेलं, दाढ बरी झाली म्हणून नाही, एवढा साधा हिशोब तेव्हा डोक्यात आला नाही. मग एक दिवस जेवताना ते सिमेंट निघालं, कॅप तर कधी बसवलीच नव्हती, आणि एकदा काहीतरी कडक चावताना कट्टकन आवाज आला. जिभेला लगेच कळलं. जीभ ही फार भोचक बाई आहे, तोंडात जरा कुठे काही हललं की तिथे जाऊन चौकशी करणार, परत परत करणार. पण तेव्हाही दुखत नव्हतं, त्यामुळे अर्थातच गेलो नाही.

यावेळी नवीन डॉक्टर होत्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. दवाखान्यात शिरल्याशिरल्या तो वास आला, लवंगेच्या तेलाचा, त्यांच्या सिमेंटमध्येच ते तेल असतं, आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळले. शिवाय दार उघडताक्षणी दाढ दुखायची थांबली होती. हे सगळ्यांचंच होतं, मी विचारून पाहिलंय.

एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "सर, छत्तीस नंबर काढावी लागेल."

म्हटलं, "अहो डॉक्टर, दातच बत्तीस असतात ना?"

त्या हसल्या. मग कळलं की त्यांच्या मोजणीत तोंडाचे चार भाग, डावीकडचा खालचा तिसरा आणि त्यातला मधल्या रेषेपासून सहावा दात, म्हणून ३६. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. माझं आणि या दाढेचं गेली चार वर्षं नेमकं तेच चालू होतं, म्हणजे आकडा अगदी योग्य माणसाला मिळाला.

"उभी चिरलीये, मुळापर्यंत. आता वाचणार नाही. आणि ही फार महत्त्वाची दाढ असते हो, सहाव्या वर्षी येते. दुधाचे दात पडायच्या आधी गुपचूप मागे उगवते, त्यामुळे आईबाबांना वाटतं ही पण दुधाचीच, पडणारच आहे."

हे ऐकताना मी तोंड उघडं टाकून पडलेलो, त्यामुळे बाजू मांडायची सोय नव्हती.

भुलेचं इंजेक्शन लगेच नीट लागलं नाही. जिथे पू आणि सूज असते तिथलं वातावरण आम्लासारखं होतं आणि भुलेचं औषध नसेत शिरायला कुचराई करतं, म्हणजे तुम्ही जितका उशीर करून जाल तितकी सुई कमी ऐकते. डॉक्टरांनी अजून एक दिलं, थोड्या वेळाने अर्धा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला आणि छाती धडधडायला लागली. म्हटलं झालं, हार्ट अ‍ॅटॅक. तर त्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याचा प्रताप. मला उगाच १८४४ सालचा तो होरेस वेल्स आठवला, अमेरिकेतला डेंटिस्ट, ज्याने लाफिंग गॅस हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला, काही दुखलं नाही म्हणून खूष झाला आणि पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये चारचौघांसमोर प्रयोग करायला गेला, तर पेशंट कण्हला आणि लोकांनी याची टर उडवली. बिचारा! माझ्या मते दवाखान्यात त्याचा एक फोटो तरी लावायला हवा, दात घासणाऱ्या हसऱ्या बाळांचे फोटो काय करायचेत.

एक गोष्ट मात्र मला त्या खुर्चीतच कळली. दात ओढून काढत नाहीत. मला आयुष्यभर वाटायचं की पक्कड लावतात आणि हिसका देतात. तसं नसतं, दात हाडात सिमेंटसारखा पक्का बसलेला नसतोच, बारीक तंतूंनी टांगलेला असतो, ते तंतू सोडवत, दाढ इकडे तिकडे हळूहळू डोलवत हाडातली जागा रुंद करत नेतात. आणि भूल फक्त दुखणं मारते, दाब कळतोच. दुखत शून्य होतं, पण जबडा ढकलला जात होता आणि आवाज मात्र सगळा येत होता, कानातून नाही, हाडातून. जुनं दार मोडताना येतो ना तसा कर्रर्र. डोळे मिटता येतात, या आवाजाला काय करणार? मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी दाढेपेक्षा मनगट जास्त दुखत होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता सुरुवात करतायत.

मग गॉज चावून धरा, चोवीस तास चूळ जोरात भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नको, सिगरेट तर नकोच, कारण खड्ड्यात जी रक्ताची गुठळी होते ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि मग आत्ता विसरलात ती रात्र परत आठवेल. मी यावेळी शब्दन् शब्द पाळला. जिभेने मात्र पाळला नाही, ती दिवसभर त्या खड्ड्याच्या काठावर उभी.

दाढ मी कागदात गुंडाळून घरी आणली. लेक सात वर्षांची, तिचा खालचा पुढचा दात गेल्याच आठवड्यात पडलेला, तो तिने डबीत जपून ठेवलाय. तिने दोन्ही शेजारी ठेवले. तिचा तांदळाएवढा, खालून सपाट, कारण दुधाच्या दाताचं मूळ पडायच्या आधी विरघळून जातं. माझा पिवळट, चिरलेला, खाली दोन लांब वाकडी मुळं.

"बाबा, तुझ्या दाताला पाय आहेत!"

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिला म्हटलं, आ कर. सगळ्यात मागे, डावीकडे खाली, ती होती. नवीकोरी, पांढरीशुभ्र, खाचांमध्ये काहीतरी अडकलेली.

"ही पण पडणार ना?" तिने आ केलेल्या तोंडानेच विचारलं.

म्हटलं, "नाही. जा, ब्रश घेऊन ये."