मुलाच्या थेरपीपासून यूडीआयडी कार्डापर्यंत, माझा अनुभव

ज्यांच्या घरात उशिरा बोलणारं किंवा अजिबात न बोलणारं लहान मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. आम्ही तालुक्याच्या गावात राहतो, इथे प्रायव्हेट थेरपी सेंटर नाही आणि असतं तरी त्याचा खर्च आम्हाला झेपला नसता. पण सरकारी व्यवस्थेत खरंच बरंच काही आहे, फक्त ते सगळं विखुरलेलं आहे आणि एका खिडकीवरच्या माणसाला दुसऱ्या खिडकीचं काही माहीत नसतं. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, थेरपी वेगळी आणि कागदपत्रं वेगळी. अपंगत्वाचा दाखला हातात नाही म्हणून थेरपी अडत नाही. सर्टिफिकेट आलं की जाऊ म्हणून थांबलेल्या आया मला भेटल्या आणि फार वाईट वाटलं, कारण ह्या वयातला एकेक महिना महत्त्वाचा असतो.

मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला तरी हाक मारली की बघायचा नाही, हवं ते बोटाने दाखवायचा नाही, माझा हात धरून ओढत न्यायचा. सासूबाई म्हणायच्या, ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला. पण अंगणवाडीच्या ताई रोज पोरं बघतात, त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्या म्हणाल्या, "अगं, तपासणीची गाडी यायचीय, तेव्हा याला घेऊन ये, बघून तर घेऊ." ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम, आरबीएसके म्हणतात. 2013 साली हा कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी होते, जन्मापासून 18 वर्षांपर्यंत. नुसतं वजन उंची नाही, जन्मतः असलेले दोष, हृदयाला छिद्र, दात, डोळे, वाढीतला उशीर असं सगळं बघतात आणि गरज वाटली तर पुढे पाठवतात, तिथले उपचार मोफत. टीममधल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्याशी खेळून बघितलं, मला खूप प्रश्न विचारले आणि जिल्ह्याच्या डीईआयसीची चिठ्ठी दिली.

डीईआयसी म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असणारं लहान मुलांचं केंद्र. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एकाच ठिकाणी असावेत अशी त्याची रचना. सगळ्या पोस्ट कायम भरलेल्या असतीलच असं नाही, म्हणून जायच्या आधी फोन करून कोण कुठल्या वारी असतं ते विचारून घ्या.

तिथे पहिल्यांदा कानाची तपासणी करायला सांगितली. मूल बोलत नसेल तर आधी ऐकू येतंय का ते बघायलाच लागतं, हे मला खूप पटलं. बेरा टेस्ट असते, त्यात मूल झोपलेलं पाहिजे. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवलं, पहाटे लवकर उठवलं, एसटीत डोळा लागू नये म्हणून ह्यांनी त्याला पूर्ण रस्ताभर खिडकीशी उभं धरलं. तिथे गेल्यावर मांडीवर घेऊन झोपवलं, मग त्यांनी कपाळावर आणि कानामागे छोट्या वायरी चिकटवल्या आणि मी हलायचंसुद्धा नाही म्हणून श्वास रोखून बसले. कान चांगले निघाले.

मग थेरपी सुरू झाली. स्पीच थेरपिस्ट ताईंची एक गोष्ट सांगतेच. त्या साबणाच्या पाण्याचे फुगे उडवायच्या, मुलगा खूश व्हायचा, आणि मग बाटलीचं झाकण लावून शांत बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. तो बाटली ओढायचा, रडायचा, त्या थांबायच्या, आणि ज्या क्षणी त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं त्या क्षणी झाकण उघडलं. बस एवढंच. मला म्हणाल्या, घरी पण असंच करा, त्याने मागायच्या आधी सगळं हातात देऊ नका, मागायची संधी द्या. खरी थेरपी घरीच होते, आठवड्यातला तो थोडा वेळ आईबाबांना शिकवण्यासाठी असतो हे माझं ठाम मत झालंय, म्हणून सेशन चालू असताना बाहेर बाकावर बसू नका, आत बसा आणि काय करतात ते बघा.

आता कागदपत्रं. यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड, अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, त्याचा अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर करायचा. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढं तयार ठेवा, नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच टाका. मग सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी होते. ऑटिझमसाठी इसा नावाची भारतातच बनवलेली प्रश्नावली असते, 40 प्रश्न, त्यात 70 किंवा जास्त गुण आले की ऑटिझम धरतात. मुलाला बघतात आणि आईबाबांनाही विचारतात, त्यामुळे मूल घरी कसं वागतं ते आधीच वहीत लिहून न्या, तिथे गडबडीत आठवत नाही. मोबाइलवर दोन तीन व्हिडिओ पण ठेवा, कारण नवीन जागी मूल वेगळंच वागतं. आम्हाला एका ऑफिसमध्ये रहिवासी दाखला नसेल तर अर्जच चालणार नाही असं सांगून परत पाठवलं होतं, प्रत्यक्षात पत्त्याचा दुसरा पुरावा चालला. तेव्हापासून मी कुठेही गेले की नियम लेखी दाखवा म्हणते, भांडून नाही, शांतपणे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं. लहान वयात मिळणारं सर्टिफिकेट तात्पुरतं असू शकतं, त्यावरची तारीख बघून ठेवा, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी ते संपलेलं निघतं.

निरामय इन्शुरन्सचं मला कुठल्याच ऑफिसात कोणी सांगितलं नाही, थेरपीला येणाऱ्या दुसऱ्या एका आईने सांगितलं. नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्या चार गटांसाठी. 1 लाखापर्यंतचं कव्हर, आधी मेडिकल तपासणी नाही, आणि नुसतं ॲडमिट झाल्यावर नाही तर ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. नेहमीच्या पॉलिसीत आमच्या मुलांना सहसा कोणी उभं करत नाही, तेव्हा ही योजना किती मोठी आहे ते लक्षात येईल. ओरिजिनल बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका फाइलीत ठेवत चला. त्या आईने मला पालकांच्या ग्रुपमध्ये पण घेतलं आणि खरं सांगू का, सगळ्यात उपयोगी माहिती मला तिथेच मिळाली, कुठल्या वारी बोर्ड बसतं इथपासून.

शाळेचं पण आत्तापासूनच विचारून ठेवलंय. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांना हवी असेल तर विशेष शाळेत. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना जाऊन भेटा, प्रवेशाच्या वेळी त्यांची फार मदत होते.

आणि आयांनो, स्वतःकडे बघा. मधे एक काळ असा होता की रात्र रात्र झोप नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मी फोन केला, पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं. घरात कोणी नावं ठेवत असेल तर ठेवू दे, पण हा फोन करा.

मुलगा आता "दे" म्हणतो, "चल" म्हणतो, आणि बघून म्हणतो. थेरपी चालूच आहे. सध्या ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो त्यातून काही साहित्य मिळावं म्हणून. अर्जाची पोच सही शिक्क्यासकट घेऊन ठेवलीये, पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणालेत. काही ठरलं तर इथेच कळवते, आणि तुमच्या गावात हा निधी मिळाला असेल तर अर्ज कसा लिहिला होता ते मला नक्की सांगा.