तुम्ही विचारलंत म्हणून: सात मात्रांचं काय झालं

"पहिल्या अल्बमनंतर तुम्ही लोक विकले गेलात, नाही का?"

विचारणारा बहुतेक वेळा हसत विचारतो. इतकी वर्षं झाली, बँडही उरला नाही, आता याला काय लागणार, असं त्याला वाटत असावं. शब्द बदलतात. 'कमर्शियल झालात', 'साउंड सोडलात', 'कंपनीने तुम्हाला पार गुळगुळीत केलं'. एकाने तर खांद्यावर हात ठेवून "चूक तुमची नव्हती हो," असं मला समजावलं. मी ड्रमर. ड्रमरला कुणी काही विचारतच नाही, त्यामुळे त्याची चूकही नसते, असा एक समज आहे.

आजवर मी तीन उत्तरं दिली. सुरुवातीला भांडायचो. मग 'पैसा कुणाला नको?' म्हणून हसण्यावारी न्यायला लागलो. अलीकडे नुसतं 'हो' म्हणून मोकळा होतो. तिन्ही खोटी. खरं सांगायला जरा वेळ लागेल, पण तुम्हाला लांब गाणीच आवडायची ना? मग बसा.

कुठल्या गाण्याबद्दल बोलतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. स्टेजवर सात मिनिटांचं, मधोमध सात मात्रांचा तो तुकडा. दुसऱ्या अल्बमवर आलं तेव्हा तीन मिनिटं अडतीस सेकंदांचं, आणि तुकडा गायब. तुमची सगळी फिर्याद तिथून सुरू होते: रेडिओसाठी कापलं.

त्याआधी हे सांगतो की मी स्वतः फिर्यादीच्या बाकावर बरीच वर्षं बसलोय. 1996 साली मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा 'लोड' हा अल्बम आला, सगळ्यांचे केस कापलेले, आणि एकोणीस वर्षांच्या मी कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेनने 'विकले' असं लिहून ठेवलं. 1991 चा त्यांचाच काळा अल्बम चौदाव्या वर्षी मी पाठ केला होता, हे मात्र सोयीने विसरलो. पुढे तर विकणं तिथूनच सुरू झालं, असंही ठणकावून सांगायचो. पुरावा काय, तर निर्माता बॉब रॉक. त्याने दोनच वर्षांपूर्वी मॉट्ली क्रू या चकचकीत रॉक बँडचा हिट अल्बम केला होता, एवढं नाव आमच्या टोळक्यात पुरे होतं. एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या हा दुसरा पुरावा. खप हाच गुन्हा, वेगळा तपास कशाला?

मेटालिकाच्याच 1988 च्या अल्बमचं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांच्या आसपासचं आहे. त्यांचा गिटारिस्ट कर्क हॅमेट याने नंतर सांगितलं की ते वाजवताना आठव्या-नवव्या मिनिटाला पुढच्या रांगेतली माणसं जांभया द्यायची, ते बघवत नसे. हे वाचलं तेव्हा मी स्वतः स्टेजवर चढायला लागलो होतो. तरी मला ती पळवाटच वाटली. आपल्या गाण्यात कुणी जांभई देतोय हे ड्रमरला सगळ्यात आधी दिसतं, कारण त्याला मान वर करून समोर बघायला वेळ असतो. मलाही दिसायच्या. मी त्या मोजत नव्हतो, एवढंच.

पैशाचं पटकन उरकतो. कंपनीशी करार झाला की ॲडव्हान्स मिळतो. लोकांना ते बक्षीस वाटतं. ती उचल असते. स्टुडिओचं भाडं आणि बाकीचा बराच खर्च तुमच्या नावावर चढतो आणि तुमच्या रॉयल्टीतून तो फिटेपर्यंत हाती काही पडत नाही. स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअरने 1993 साली एका लेखात या हिशेबाची चिरफाड केली होती. तो नुसता बोलणाराही नव्हता. त्याच वर्षी 'निर्वाणा' या बँडचा अल्बम रेकॉर्ड करताना त्याने रॉयल्टी नाकारली आणि प्लंबर घेतो तशी ठरलेली मजुरी घेतली. आमची उचल फिटली तेव्हा बँड बंद पडून दोन वर्षं झाली होती. विकले गेलो असू, तर उधारीवर.

आता स्टुडिओ.

ड्रम्सचा तिसरा दिवस. कानात हेडफोन, हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे ठरलेल्या वेगाची टिकटिक. तुम्ही कधी क्लिकवर वाजवलं नसेल तर सांगतो, ते मेट्रोनोम लावून रियाज करण्यासारखं नसतं. रियाजात चुकलं तर चुकलं. इथे काचेपलीकडे माणसं तुमच्या हातांकडे बघत असतात. पहिलं कडवं, कोरस, दुसरं कडवं, सगळं ठीक. मग सात यायचे. दोन, दोन, तीन. (रूपकात तीन, दोन, दोन, आमचं उलटं. यावर एका तबलजीने माझी तासभर शिकवणी घेतली होती, तो वेगळा विषय.) त्या शेवटच्या तीनवर माझा उजवा पाय दरवेळी केसभर आधी पडायचा. एकदा पडला तर कळतही नाही. सोळा आवर्तनांत मात्र ते केस साठत जातात. स्टेजवर आम्ही चौघंही त्या धावण्याबरोबर धावायचो, त्यामुळे कुणाला कधी पत्ताच लागला नव्हता. मलाही नाही. क्लिक धावत नाही. सातव्या-आठव्या आवर्तनात ते अचानक कानात टोचायला लागायचं, मी धडपडत मागे यायचो, आणि ते मागे येणं धावण्यापेक्षाही वाईट ऐकू यायचं.

अकरा टेक झाले. निर्मात्याने आत बोलावलं. स्क्रीनवर माझे ठोके दिसत होते, काळ्या काट्यांसारखे, आणि मागे ग्रिडच्या सरळ उभ्या रेघा. पहिल्या आवर्तनात काटे बरोबर रेघांवर. चौथ्यात जरा डावीकडे. दहाव्यात दोन रेघांच्या मधोमध, कुणाचेच नसल्यासारखे. दहा वर्षं ज्या वाजवण्यासाठी टाळ्या घेतल्या, ते असं दिसतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

निर्माता म्हणाला, "एवढ्या तुकड्यापुरतं क्लिक बंद करू. चौघं एकत्र वाजवा. जे येईल ते घेऊ."

हे वाक्य नीट वाचा. तुम्ही ज्याला खलनायक करून ठेवलंय, त्याचं आहे.

मी म्हणालो, "नको. जमेल."

आणखी तीन टेक. नाही जमलं. मग मी स्टूलवर बसल्या बसल्या, काठ्या मांडीवर आडव्या ठेवून, शक्य तितक्या सहज आवाजात टॉकबॅकवर बोललो, "हा तुकडा तसाही लांबतोच. काढून बघायचा का?"

काचेपलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग तो म्हणाला, "गाणं तुमचं आहे."

तुकडा आणि त्याच्या पुढचं सगळं काढून दुसरा कोरस थेट शेवटच्या कोरसला जोडायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. आणि जोड इतका बेमालूम बसला की मला राग आला. तिथे कधी काही होतं असं वाटेचना.

संध्याकाळी गिटारिस्ट आला. तुकडा त्याचा होता, त्याने तो कित्येक महिने घासून घासून बांधला होता. गिटार पाठीवरच ठेवून तो कन्सोलमागे उभा राहिला, डोळे मिटले. दुसरा कोरस संपत आला तशी त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू लागली, दोन, दोन, तीन, तयारीचं मोजणं. आणि शेवटचा कोरस सुरू झाला. बोटं आणखी एक आवर्तन चालली. मग थांबली. गाणं संपेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "त्यांना नको होता?"

कंपनीचा माणूस त्या दिवशी स्टुडिओत आलासुद्धा नव्हता.

मी म्हणालो, "हं."

एवढंच. कुणी सही केली नाही, कुणी धमकी दिली नाही. एक 'हं'. त्यावर त्याने पुढची दोन वर्षं कंपनीला शिव्या घातल्या, प्रत्येक मुलाखतीत 'त्यांनी आमचं गाणं कापलं' म्हणून सांगितलं, आणि शेवटी त्याच कारणाने बँड सोडला. मी शेजारी बसून मान डोलवत होतो. तुमची 'रेडिओसाठी कापलं' ही कथा तुम्ही रचलेली नाही. ती आमच्याकडूनच तुमच्यापर्यंत आली.

'पैसा कुणाला नको' हे उत्तर मला इतकी वर्षं का पुरलं, ते आता लक्षात आलं असेल. विकला गेलेला माणूस निदान विकण्यासारखं काहीतरी बाळगून असतो. ज्याला आपलंच गाणं ठेक्यात वाजवता येत नाही, त्याने काय सांगायचं? तुम्ही मला लोभी म्हणत होतात तोवर मी सुरक्षित होतो.

त्यात मला हेही फार उशिरा कळलं की त्या काळ्या अल्बममधल्या 'एंटर सँडमन'चे ड्रम्स पन्नासेक टेक जोडून तयार केलेत. मेटालिकाचा ड्रमर लार्स उलरिक याने गाणं एका दमात न वाजवता तुकड्यातुकड्याने वाजवलं होतं. ज्याला मी विकला म्हणत होतो, तो पन्नास टेक देत बसला. मी चौदावर उठलो.

दुसऱ्यांबद्दलही मला आता खात्रीने बोलवत नाही. जॉब्रेकर हा अमेरिकन पंक बँड घ्या. मोठ्या कंपनीत जाणार नाही म्हणता म्हणता गेले, 1995 साली 'डिअर यू' काढला, गायकाचा आवाज साफ झालेला, आणि जुन्या चाहत्यांनी नवी गाणी सुरू झाली की पाठ फिरवून जमिनीवर बसायचा कार्यक्रम केला. वर्षभरात बँड मोडला. आता त्या गायकाच्या घशातल्या गाठींवर काही वर्षांपूर्वीच शस्त्रक्रिया झालेली होती. साफ आवाजात वाटा शस्त्रक्रियेचा किती आणि ग्रीन डे या बँडचा हिट अल्बम 'डूकी' करून आलेल्या निर्मात्याचा किती, हे जमिनीवर बसलेल्यांनी कुठल्या यंत्रावर मोजलं? दुखऱ्या घशाने ओरडत राहणं म्हणजे प्रामाणिकपणा, बरा झाला की विकला गेला. मला त्या गायकाबद्दल जरा जास्तच कळवळा आहे, हे मान्य. मी माझा पाय त्याच्या घशाआड लपवतोय हेही मान्य.

कारण एकोणीस वर्षांचा तो पोरगा, बॉलपेनवाला, अजून समोर बसलाय आणि त्याचं समाधान झालेलं नाही. तो म्हणतो, नाही जमलं तर सहा महिने बसायचं होतं. उत्तर नाही. तो म्हणतो, क्लिक बंद करू म्हणाला होता ना तो? उत्तर नाही. मग तो खरा प्रश्न काढतो: ठीक, त्या दिवशी पाय चुकला. पण पुढच्या अल्बमवर एकही गाणं चार मिनिटांच्या वर का गेलं नाही? सगळी चारच्या ठेक्यात का? ते तुम्हाला कुणी सांगितलं?

कुणीच नाही. आणि इथे मला स्वतःचा पाय पुढे करून सुटता येत नाही. ते छोटं केलेलं गाणं पहिल्यांदा मोठ्या मैदानात वाजवलं तेव्हा शेवटचा कोरस आला, आणि जिथे एरवी लोक सात मोजता न आल्याने माना हलवायचे थांबायचे, तिथे सगळं मैदान एकदम उडी मारून खाली आलं. तो धक्का मला स्टूलमधून जाणवला. अक्षरशः, पायांखालच्या फळीतून. त्यानंतर मी सरावाला जी काही लय आणली, ती त्या फळीसाठी आणली. याला विकणं म्हणायचं असेल तर म्हणा. चेक मिळाल्यावर मला असं काही कधीच वाटलं नव्हतं. पण चेक त्या उडीमागूनच येतो हे मला ठाऊक नव्हतं, असंही नाही.

एखाद्या दिवशी मला वाटतं, गाणं छोटं झालं तेच बरं झालं. दुसऱ्या दिवशी दोन, दोन, तीन टेबलावर वाजवत बसतो. आता जमतं, बरं का. क्लिकवर, मिनिटाला 126 ठोक्यांवर, सोळाच्या सोळा आवर्तनं, काटे रेघांवर. वाजवायला बरोबर कुणी नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात गिटारिस्टने एक फाइल पाठवली. जुन्या सरावाची कॅसेट त्याला कुठेतरी सापडली, ती त्याने उतरवून घेतली. सात मिनिटांचं अख्खं गाणं, खरखर, मध्ये कुणीतरी खोकतंय. मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर टेम्पो मोजला. तुकडा 126 वर सुरू होतो आणि 134 वर संपतो. मग मोजणं बंद करून नुसता ऐकला. नंतर परत ऐकला. तो धावतोय म्हणून चांगला आहे की धावत असूनही, ते मला सांगता येत नाही, आणि माझ्या मताला इथे किंमतही नाही.

फाइलखाली त्याने लिहिलंय, "ऐक रे. हे कापलं हरामखोरांनी."

ऐकलं, हे त्याला कळलंय. निळ्या खुणा उमटल्यात. मी चार वेळा उत्तर टाइप करून पुसलं. आता हे एवढं लिहून झालंय, तर आधी त्याला पाठवायचं की आधी तुम्हाला, तेवढंच ठरायचंय.