पुन्हा सुई कशाला?

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, रोटांच्या नैवेद्याला बायका जमल्या की कुणीतरी हमखास माझा उजवा हात धरतं, त्यावर गोंदलेलं कपाशीचं फूल न्याहाळतं आणि विचारतं, “माय वं, आते आखो सुई कसाले?” तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माझा कॅन्सर डाव्या स्तनाचा. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या. त्या काढल्या की हातातल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, हात सुजू शकतो. म्हणून डॉक्टरांनी बजावलं, डाव्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही. मग केमो, सलाइन, दर वेळी रक्त काढणं, सगळं उजव्यानं सोसलं. शिरा काळवंडल्या, सुतळीसारख्या टणक झाल्या. छातीच्या व्रणाबद्दल सगळे हळहळले. या हाताची विचारपूस कुणीच केली नाही. फूल त्याच्यासाठी आहे.

कपाशी बापाच्या शेतातली. फूल उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मी दोन्ही रंग भरून घेतले.

छातीवर का नाही? रेडिएशन घेतलेली कातडी नाजूक होते, तिथली जखम लवकर भरत नाही. आणि तिथे गोंदण आहेच! किरण रोज नेमके त्याच जागी पडावेत म्हणून टोचलेले शाईचे बारीक ठिपके. ते जन्मभर राहतील, पण ते मी मागितले नव्हते.

आजीच्या कपाळावर, हातांवर गोंदण होतं. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बाईबरोबर जातं, असं ती म्हणायची. तिनं यात्रेत गोंदून घेतलं होतं. तुम्ही मात्र तसं करू नका, हे कळकळीनं सांगते. एकच सुई अनेकांना टोचली तर हिपॅटायटिस, एचआयव्ही पसरतो. केमोत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, जंतुसंसर्गाची आणि रक्त न थांबण्याची भीती असते, म्हणून उपचार संपल्यावरही रिपोर्ट पाहून डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. मी थांबले. जळगावच्या दुकानात सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं, शाईही नव्या छोट्या कपात ओतून घेतली.

दुखलं का? दुखलं. पण ही सुई कातडीपुरतीच जाते, शीर शोधत फिरत नाही. आणि नको झालं की “थांबा” म्हणता येतं. केमोत ती मुभा नव्हती. मी मधेच थांबवलं, चहा घेतला आणि मग गुलाबी पाकळ्या भरून घेतल्या.