टेक्स्चर निघालं, पण छत अजून रंगाला तयार नाही

आखाजीला (अक्षय तृतीयेला) ताई माहेरी येणार म्हणून अमळनेरच्या घरातला हॉल रंगवायला काढला. छताला जुनं दाणेदार टेक्स्चर होतं, त्यात धूळ आणि जाळ्या अशा अडकायच्या की झाडूने निघायच्याच नाहीत, मग काढूनच टाकायचं ठरलं. मेन स्विच बंद केला, पंखा उतरवला, पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलं आणि पत्र्याने (पुट्टी ओढायच्या पात्याने) खरवडलं, ओलं असलं की धूळ कमी उडते. मास्क मात्र लावाच.

खरं काम त्याच्या पुढे आहे. टेक्स्चरखाली जुना चुना निघाला आणि एका कोपऱ्यात आम्ही घाईत त्याच्यावरच पुट्टी ओढली, दुसऱ्या दिवशी अख्खा पापुद्रा हातात आला. शेजारचे आप्पा आयुष्यभर रंगकाम करत आलेत, ते म्हणाले, "आधी बोट फिराई देख ना भाऊ." बोटाला पांढरं लागलं म्हणजे चुना अजून सुटतोय, त्याच्यावर काहीच धरणार नाही. मग पुन्हा खरवडलं, पार प्लास्टरपर्यंत, ओल्या स्पंजने पुसून काढलं आणि बोट स्वच्छ निघेपर्यंत सोडलं नाही. वेळ याच कामात द्या, रंग महागाचा आणला तरी खालचा थर सुटला की रंगही त्याच्यासोबत येतो.

बारीक तडे पत्र्याच्या टोकाने थोडे उघडून क्रॅक फिलर भरला. ओलीचा डाग असेल तर आधी गच्ची बघा.

आता पुट्टी. आपल्याकडचं ऊन म्हणजे छत दुपारी तव्यासारखं तापतं, पुट्टीतलं पाणी लगेच ओढून घेतं आणि ती भुसभुशीत राहते. म्हणून आम्ही सकाळी लवकर सुरू करायचो, छत आधी ओलं करायचो (पाणी टपकेल इतकं नाही) आणि दोन-तीन किलोच कालवायचो. पातळ दोन हात, एक उभा एक आडवा, जाड थर एकदम नको.

वाळल्यावर बल्ब भिंतीला चिकटवून आडवा धरला, समोरून सपाट वाटणारं छत तेव्हा सगळे खड्डे-उंचवटे दाखवतं. तिथे पेन्सिलने खुणा केल्या, खड्डे भरले, मग घासायला १८० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी २२० चा. पावडर पुसली, प्रायमर मारला आणि परत बल्ब धरून बघितलं, अजून चार जागा निघाल्या, त्या आज भरल्यात. उद्या सकाळी तेवढ्याच घासून त्यांच्यावर प्रायमर, मग पहिला हात.