सातबारा आणि फॉर्म १०४०

मार्चमध्ये न्यू जर्सीच्या ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानांत असते तशीच गर्दी टॅक्सवाल्यांकडेही असते. मी तिथे एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे आयआरएसपुढे (अमेरिकेच्या करखात्यापुढे) ग्राहकाच्या वतीने उभं राहण्याचा परवाना असलेली करसल्लागार. माझे बरेचसे ग्राहक मराठी. त्यातल्या काहींचा संसार दोन देशांत वाटलेला: नवरा इथे, बायको तिकडे, किंवा उलट.

२०२४च्या मार्चमध्ये असाच एक सांगलीकडचा इंजिनियर आला. एच-१बी व्हिसा, २०२३चा पगार १,१८,००० डॉलर. बायको सांगलीत सरकारी बँकेत अधिकारी, मुलगी तिच्याजवळ. त्याची मागणी सरळ होती. "ताई, जॉइंट भरून टाका. माझ्या मित्राचे सात-आठ हजार वाचले."

मित्र खोटं बोलत नव्हता. लग्न झालेल्या माणसाला 'सिंगल'वर खूण करता येत नाही. वेगळं रिटर्न (फॉर्म १०४०) भरलं तर २०२३ची प्रमाणित वजावट १३,८५० डॉलर, एकत्र भरलं तर २७,७००. शिवाय एकत्र रिटर्नचे कराचे टप्पेही रुंद. मी त्याच्यासमोरच आकडे टाकले. वेगळं भरून कर १८,३९६, आणि बायकोचं उत्पन्न शून्य धरून एकत्र भरलं तर १०,४८१. फरक ७,९१५ डॉलर. त्याचा चेहरा खुलला. मुलीचं क्रेडिट, म्हणजे तिच्यासाठी करातून थेट वजा होणारी रक्कम, मिळणार नाही (ती भारतीय नागरिक आणि राहते भारतात) याचंही त्याला काही वाटलं नाही.

पण ते शून्य खरं नव्हतं. भारतात राहणारी बायको अमेरिकेच्या दृष्टीने अनिवासी. एकत्र रिटर्न भरायचं तर करकायद्याच्या कलम ६०१३(जी)खाली दोघांनी लेखी निवेदन जोडायचं, की तिलाही निवासी समजा. दोघांच्या सह्या लागतात. आणि त्या सहीबरोबर तिचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नवर येतं. हे एका वर्षापुरतंही नसतं, मागे घेईपर्यंत चालू राहतं. आणि एकदा मागे घेतलं की त्या दोघांना पुन्हा कधीच तो पर्याय निवडता येत नाही. त्यात भर म्हणजे एकत्र रिटर्नवरच्या सगळ्या कराची जबाबदारी दोघांवरही पूर्णच्या पूर्ण. नवऱ्याने उद्या कर थकवला तर आयआरएस बायकोकडे मागू शकते.

"ती काय, मी सांगेन तिथे सही करेल," तो म्हणाला. सहज म्हणाला, मनात काही वाईट नव्हतं. पण असं वाक्य ऐकलं की मी हातातलं काम थांबवते. जिची सही, तिच्याशी बोलणं झाल्याशिवाय मी कागद पुढे सरकवत नाही.

दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. इथली सकाळ, सांगलीतली संध्याकाळ. व्हिडिओ कॉलवर त्या वही, पासबुकं आणि फॉर्म १६ घेऊनच बसल्या होत्या. नवरा माझ्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी पहिल्यापासून सगळं समजावलं. ऐकून त्या म्हणाल्या, "मॅडम, मी रोज लोकांकडून अमेरिकेच्या त्या फॅटका कायद्याचं घोषणापत्र भरून घेते. ते कुठे जाऊन पोचतं हे आज कळतंय." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं नेमकं काय काय त्या कागदावर येणार?"

एवढा नेमका प्रश्न नवऱ्याने विचारला नव्हता. आम्ही वहीतली एकेक ओळ घेतली. पगार १५ लाख. त्यावर भारतात कर भरलेला, त्याचं क्रेडिट फॉर्म १११६वर मिळतं. तरीही एकूण उत्पन्न फुगून नवऱ्याच्या पगाराचा काही भाग १२ टक्क्यांच्या टप्प्यातून २२ टक्क्यांच्या टप्प्यात गेला आणि बचत सुमारे दोन हजारांनी उतरली. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त, इथे करपात्र. मग एसआयपी. भारतातला म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात 'पीएफआयसी', म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी, ठरतो. त्याला फॉर्म ८६२१, तोही प्रत्येक फंडाला वेगळा. दोघांचे मिळून अशा फंडांचे मूल्य वर्षअखेर ५०,००० डॉलरच्या आत असेल आणि काही विकलेलं नसेल तर बहुधा तो भरावा लागत नाही. पण विकायच्या दिवशी नफा मागच्या वर्षांवर वाटून, सर्वांत वरच्या दराने आणि व्याज लावून कर मोजला जातो. मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा पैसे टाकणाऱ्या बाईला हे सांगताना मला नेहमी जड जातं. तिने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

नवऱ्याने मध्ये विचारलं की भारतात असलं काही का नाही. नाही, कारण भारतात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्नच नसतं. जवळचं म्हणावं असं काही असेल तर ते गोव्यात: पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या सामाईक मालमत्तेमुळे, आयकर कायद्याखाली पगार सोडून बाकीचं उत्पन्न पती-पत्नीत निम्मं-निम्मं वाटलं जातं. तिथेही रिटर्न मात्र दोघांचे दोन.

वहीची शेवटची ओळ त्यांनी जरा थांबून वाचली. "तासगावला बाग आहे. वडील गेल्यावर सातबारावर भावाचं आणि माझं नाव लागलं. बेदाण्याचे पैसे येतात. माझा हिस्सा गेल्या वर्षी खर्च जाऊन नऊ लाख. मी घेत नाही, आईकडेच असतात. पण खातं माझं."

शेतीचं उत्पन्न भारतात आयकरातून मुक्त. म्हणूनच इथे ते जास्त अंगावर येतं. तिकडे कर भरलेला नाही, मग क्रेडिट कशाचं मिळणार? नऊ लाख म्हणजे जवळपास ११,००० डॉलर, त्यावर २२ टक्के. मी आकडा टाकला. सात हजार नऊशेवरून सुरू झालेली बचत जेमतेम तीन हजारांवर आली, आणि त्यातून माझी जादा फी जायची होती ती वेगळीच.

नवरा स्क्रीनकडे वाकला. "मग सातबारावरचं नाव काढून टाक की. तसेही पैसे तू घेत नाहीस. हक्कसोड करून दे भावाला, विषय संपला."

त्या लगेच बोलल्या नाहीत. वही मिटली, पेनाला टोपण लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझ्या भावानं आजवर जे मागितलं नाही, ते तुम्ही तीन हजार डॉलरसाठी मागताय?"

ज्यांना हक्कसोडपत्र माहीत आहे त्यांना या वाक्याचं वजन सांगायला नको. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सगळ्या देशाने २००५ साली हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. तरी गावोगावी बहिणींना तलाठ्याकडे आणि निबंधकाकडे नेऊन सह्या घेतल्या जातात, कधी मायेने, कधी धाकाने. या बाईच्या भावाने तसं केलं नव्हतं. आणि आता ती मागणी अमेरिकेच्या एका फॉर्ममुळे नवऱ्याच्या तोंडून आली होती. मी कायम आकड्यांत बोलणारी बाई, पण त्या दिवशी मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "कर वाचवायला मालमत्तेचा हक्क सोडा, असा सल्ला माझ्या ऑफिसातून जाणार नाही. वहिनींनी स्वतः विचारला तरी मी आधी वकिलाकडे पाठवीन."

तो ओशाळला. वाईट माणूस नव्हता. पण एकट्याने खोलीभाडं भरत दर महिन्याला सांगलीला पैसे पाठवणाऱ्या माणसाला तीन हजार डॉलर मोठेच वाटतात, हेही मी विसरत नाही.

पासपोर्टचा प्रश्न निघायचाच होता. एकत्र रिटर्नसाठी वहिनींना आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर-ओळख क्रमांक, लागला असता. त्यासाठी डब्ल्यू-७ अर्ज, आणि सोबत मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या खात्याने प्रमाणित केलेली प्रत. रिटर्न आणि अर्ज एकत्र टेक्सासमध्ये ऑस्टिनला जातात. मूळ पासपोर्ट कित्येक आठवडे हाताबाहेर ठेवायची त्यांची तयारी नव्हती, आणि मीही आग्रह धरला नसता.

मग मी त्यांना कायद्यातली एक सोय दाखवली. वेगळं भरलेलं रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मात्र मुदत उलटल्यावर वेगळं करता येत नाही. म्हणजे १५ एप्रिलच्या आत वेगळं भरलं तर एकही दरवाजा बंद होत नाही. बागेचं काय, फंडांचं काय, ही इकडे येणार की तो तिकडे जाणार, हे सगळं ठरवायला २०२७च्या एप्रिलपर्यंत सवड. वहिनींनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि वहीत तारीख लिहिली. "मग यंदा वेगळंच," त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली.

त्याचं रिटर्न 'विवाहित, स्वतंत्र' म्हणून गेलं. बायकोच्या नंबरच्या जागी 'एनआरए', म्हणजे अनिवासी परदेशी, लिहिलं. सगळ्या हिशेबाचा तक्ता मी दोघांनाही वेगवेगळ्या ईमेलवर पाठवला. वहिनींचं उत्तर त्याच दिवशी आलं. पीपीएफच्या व्याजात माझ्याकडून एक वर्षाचा आकडा पुढचा-मागचा झालाय का, अशी शंका होती. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून आणि इथलं जानेवारीपासून, म्हणून तसं दिसतं, हे मी कळवलं.

आता अशा जोडप्यांसाठी माझ्याकडे प्रश्नांचं एक वेगळं पान असतं, थेट भारतातल्या जोडीदाराच्या ईमेलवर जाणारं. पगार, ठेवी, पीपीएफ, फंड आणि सातबारावर नाव आहे का. इथल्या नवऱ्याने ते पान स्वतःच भरून पाठवलं तर मी ते परत पाठवते.