८७०८ की ८४२१? जुन्या बॉक्स्टरच्या एका प्लॅस्टिकच्या डब्याचा अनुभव

माझ्या पोर्श बॉक्स्टरच्या इंजिनावरचा एअर ऑइल सेपरेटर नावाचा डबा बदलायला दीड दिवस पुरला. तो जर्मनीहून हातात यायला एकतीस दिवस गेले, आणि त्यातले सहाच प्रवासात गेले. उरलेले पंचवीस दिवस "हा नेमका कशाचा भाग आहे", म्हणजे कस्टम्सच्या कोणत्या कोडमध्ये बसतो, या प्रश्नात गेले. तुमच्याकडे पोर्श बॉक्स्टर किंवा केमन असेल, विशेषतः २००५ ते २००८ दरम्यानची ९८७ (हा पोर्शचा त्या पिढीचा क्रमांक), तर पाना हातात घेण्याआधी खाली इन्व्हॉइसबद्दल लिहिलंय ते नीट वाचा. पान्याचं काम त्यामानाने सोपं आहे.

आधी आजार सांगतो. इंजिनच्या पोटातली वाफ आणि तेलाचे कण वेगळे करून हवा परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या वाटेत, सोडणारा भाग म्हणजे एअर ऑइल सेपरेटर. आत रबराचा पातळ पडदा असतो. तो फाटला की इनटेक थेट क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या त्या पोटातून, तेल ओढायला लागतो. सुरू करताना मागून निळसर पांढरा धूर निघतो, आणि तोही असा की शेजारच्या सोसायटीतून फोन यावा. गाडी चढावर उभी करून ठेवली आणि सकाळी एक फुसकारा आला तर घाबरू नका. सिलेंडर आडवे असलेल्या इंजिनात थोडं तेल तिथे झिरपतंच. पण धूर मिनिटभर टिकला, किंवा आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) तेलाचं झाकण ओढूनही निघेना, तर पडदा गेला समजा.

खात्री करायला स्कॅनरही लागत नाही. तेलाचं एक जुनं झाकण घ्या, त्याला भोक पाडून नळी घट्ट बसवा, दुसऱ्या टोकाला पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा. गरम इंजिन आयडलवर असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० ते १५ सेंटिमीटर फरक असेल तर ठीक. २० च्या वर गेला तर सेपरेटर बदलायचा. माझ्याकडे २६ आला. यानंतर "अजून महिनाभर चालवू" म्हणू नये. तेलाचा मोठा घोट एका सिलेंडरमध्ये गेला तर तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग गोष्ट डब्याची राहत नाही.

एक चूक आपणच करतो. तेल जास्त भरतो. जास्त भरलेलं तेल सेपरेटरचं आयुष्य कमी करतं. तेल ०डब्ल्यू-४० आणि डब्यावर पोर्शची ए४० मान्यता असलेलंच घ्या. फिल्टरसकट बदलताना साडेसात लिटर ओता, गाडी फिरवून गरम करा, सपाट जागी थांबून मीटरवर पातळी बघा, मगच उरलेलं थोडं थोडं घाला. मीटर अगदी वरच्या रेघेला नेण्याचा हट्ट नको.

आता अडकलेला भाग.

जर्मनीतल्या दुकानातून मागवलं होतं: सेपरेटर, त्याखालचा रबरी भाता, सहा इग्निशन कॉइल, सहा स्पार्क प्लग आणि कूलंटच्या टाकीचं नवं झाकण. दुकानदाराने इन्व्हॉइसवर सगळं मिळून एका ओळीत "पोर्श स्पेअर पार्ट्स" लिहिलं आणि पुढे कोड ८७०८. म्हणजे गाड्यांचे सुटे भाग. ऐकायला बरोबर वाटतं. पण कस्टम्सच्या कोष्टकात इंजिनाची यंत्रं आणि विजेच्या वस्तू गाडीच्या सुट्या भागांतून वगळलेल्या आहेत. कॉइल आणि प्लग जातात ८५११ मध्ये. सेपरेटर म्हणजे गाळणारं यंत्र, म्हणून ८४२१? की इंजिनाचा सुटा भाग, म्हणून ८४०९? यावर कस्टम्समध्ये खरंच प्रश्न निघाला, आणि पार्सल थांबलं. कोडप्रमाणे दर बदलू शकतो, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चीड आहे ती मधल्या कुरिअर कंपनीची. प्रश्न मंगळवारी आला, मला कळला सोमवारी, तोही मी फोन केल्यावर. तोपर्यंत प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकायला मिळत होतं: "सर, प्रोसेसमध्ये आहे."

पहिली मागणी केवायसीची. ती दिली. चार दिवसांनी आरसीची प्रत. दिली. त्यानंतर प्रश्न आला, आरसीवर उत्पादन नोव्हेंबर २००६ आहे आणि दुकानाच्या यादीत भाग २००७ सालचा, तर हा भाग याच गाडीचा कशावरून?

हा प्रश्न प्रत्येक जुन्या आयात गाडीला कधी ना कधी येतोच. पोर्शचं मॉडेल वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. २००६ च्या युरोपातल्या उन्हाळ्यानंतर बनलेली गाडी २००७ सालची मॉडेल धरतात, आणि ९८७ मध्ये नेमकं त्याच वर्षी इंजिन बदललं. २.७ लिटरच्या इंजिनाला व्हेरिओकॅम प्लस (झडपांची उघडझाप बदलणारी यंत्रणा) आलं, जास्त ताकदीच्या एस ला ३.२ च्या जागी ३.४ आलं. आरसीवरचं साल बघून भाग मागवला तर चुकीचा येतो, आणि मॉडेल वर्ष बघून मागवला तर कागद जुळत नाहीत. उत्तर चॅसी नंबरात असतं. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं, म्हणून तिथे ७ असेल तर २००७. अकरावं कारखान्याचं. तिथे यू असेल तर गाडी फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीला बनली, एस असेल तर श्टुटगार्टला. मी नंबरातलं दहावं अक्षर गोल करून, भागांच्या कॅटलॉगचं पान जोडून, चार ओळींचं पत्र दिलं. हेच पहिल्या दिवशी दिलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते.

शेवटी कस्टम्सने इन्व्हॉइस फोडून मागितलं. प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, पार्ट नंबर, नग, किंमत, मूळ देश, आणि "नवीन" हा शब्द. जर्मन दुकानदाराने ते दहा मिनिटांत करून पाठवलं. ती दहा मिनिटं ऑर्डर देताना मागायला हवी होती. गोदामाचे मोफत दिवस तोवर संपले होते. त्यानंतरचं रोजचं भाडं, शिवाय ड्यूटी आगाऊ भरल्याची कुरिअरची फी, दोन्ही मी भरली.

ऑर्डर देतानाच्या आणखी काही गोष्टी आठवतात. ड्यूटी भागाच्या किमतीवर नाही, किंमत अधिक वाहतूक अधिक विमा यावर लागते. त्यामुळे हलके भाग एकत्र मागवा, पण अवजड आणि तातडीचे एकाच खोक्यात घालू नका. एका वस्तूवर प्रश्न आला की सगळं खोकं थांबतं, माझे बिनवादाचे प्लगही महिनाभर गोदामात पडून होते. दुकान युरोपातलं असेल तर निर्यातीवर तिथला व्हॅट वजा झालाय का बघा. जर्मनीत तो १९ टक्के आहे, न सांगता वजा होईलच असं नाही. स्वतःच्या गाडीसाठी मागवताना आयात-निर्यात कोड लागत नाही. कुरिअरवाला मागत असेल तर त्याने तुमचं पार्सल व्यापारी मालात टाकलंय.

आणि गाडी आधी उघडू नका. मी ऑर्डर दिली त्याच दिवशी उघडली. थ्रॉटल बॉडी (इनटेकच्या तोंडाशी हवेची झडप असलेला भाग) काढलेली, इनटेकची तोंडं उघडी, लिफ्ट अडकलेली. गॅरेजवाले काका चांगले, पण तिसऱ्या आठवड्यात त्यांचाही चेहरा बदलला. उघडी तोंडं टेपने बंद करा. आत कोंबलेल्या चिंध्या विसरल्या जातात, आणि वायर कुरतडायला उंदरांना पोर्श आणि मारुतीत फरक वाटत नाही.

प्रत्यक्ष काम थोडक्यात. छप्पर सर्व्हिसच्या स्थितीत उचलून, कार्पेट आणि इंजिनवरचं झाकण काढून वरून पोहोचायचं. खालच्या भात्याची क्लॅम्प हीच खरी अडचण. ती जुन्याच जागी बसवली तर पुढच्या माणसालाही दिसणार नाही, म्हणून स्क्रू पोहोचेल अशा बाजूला फिरवून बसवा. भाता जुना ठेवू नका. थ्रॉटल बॉडी आणि इनटेकमध्ये साचलेलं तेल पुसल्याशिवाय गाडी सुरू केली तर नव्या डब्यानेही धूर येतो आणि माणूस उगाच हादरतो. प्लग ३० न्यूटन मीटरने आवळा, चाकांचे बोल्ट १३० ने. कॉइलच्या प्लॅस्टिकला बारीक तडे असतील तर सहाही बदला. पहिल्या पावसाळ्यातच त्या मिसफायर द्यायला लागतात.

पावसाळ्यावरून आठवलं. छपराच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायच्या वाटा असतात. गुलमोहराची पानं त्या बंद करतात, पाणी आत उतरतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये बसतं. सीटखाली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते भिजलं की गाडी किल्ली ओळखत नाही. मे महिन्यातच मऊ नळीने साफ करा. कंप्रेसरची हवा मारू नका, जोड सुटतात. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांतही तसाच पाचोळा भरतो. तो ओला राहून एसीचा कंडेन्सर सडवतो. बंपर काढून वर्षातून एकदा काढायचा. कूलंटच्या झाकणाचा नंबर ९९६.१०६.४४७.०४, शेवटचे दोन आकडे ०४ नसतील तर बदला. मागच्या डिकीचं कार्पेट ओलं आणि गोडसर वासाचं असेल तर मात्र झाकण नाही, टाकी फुटली आहे.

हे सगळं जूनच्या आत का हवं होतं, तर गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं जून २०२२ ला संपत होती. नूतनीकरणाचा फॉर्म २५, मुदतीच्या आधी साठ दिवसांत अर्ज, पर्यावरण कर वेगळा. साध्या मोटारीला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, आयात मोटारीला ४०,०००. हा दर १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. माझी तारीख अडीच महिन्यांनी हुकली. पीयूसीआधी अर्धा तास गाडी चालवून सायलेन्सरमधलं जुनं तेल जाळून घ्या.

आरटीओच्या तपासणीला साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं. आत रिकामी डिकी. "इंजिन कुठंय?" सीटच्या मागे. "दाखवा." वरून दिसत नाही. इंजिन नंबर क्रँककेसच्या खालच्या अंगाला, सम्पच्या (तेल साठतं त्या तळाच्या) शेजारी कोरलेला आहे. तो बघायला लिफ्ट हवी, आणि तिथे लिफ्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये खालून पुसून, पेन्सिलीचा ठसा आणि नंबरप्लेटसकट फोटो काढून नेला. गाडी उचललेली असताना हे आधीच करून ठेवा. चॅसी नंबर पुढच्या डिकीत बॅटरीजवळच्या प्लॅस्टिक झाकणाखाली सापडतो, तिथे अडचण नाही.

फक्त बॅटरी मेलेली नको, कारण बॉनेट विजेवर उघडतं आणि बॅटरी बॉनेटच्या आत. तसं झालंच तर पायापाशी फ्यूज बॉक्समध्ये लाल टोक बाहेर ओढा, त्याला दुसऱ्या बॅटरीचं प्लस, दाराच्या लोखंडी आकड्याला मायनस. किल्लीने अनलॉक करून बॉनेटचं बटण दाबा. भोंगा वाजेल, वाजू द्या.

पुढची मुदत जून २०२७. गाडी वीस वर्षांच्या पुढे गेलेली असेल, आणि त्या वयाच्या आयात मोटारीची फी आता ८०,००० झाली आहे. त्याआधी पाण्याचा पंप मागवायचा आहे. तो ८४१३ मध्ये येतो.